दुकानवालीचं पुढे काय झालं

१२ सप्टेंबर, मंगळवार

जिल्ह्याच्या साप्ताहिकातून आज फोन आला. हिवाळ्यात वाचायला चांगली पुस्तकं सुचवाल का म्हणे, तुमच्या त्या शेल्फातली. माझं 'ते' शेल्फ म्हणजे लायब्ररीतलं खिडकीजवळचं, खऱ्या गुन्ह्यांचं आणि खऱ्या इतिहासाचं. डझनभर पुस्तकं, प्रत्येकाबद्दल चार ओळी, आणि वर माझा फोटो. मी म्हटलं, "बघते, जमलं तर." आमच्या मिनेसोटात कुणी लगेच हो म्हणत नाही, म्हटलं तर लोकांना वाटतं बाईला घाई झालीय. फोन ठेवला आणि पुस्तकांच्या मागे जाऊन एकटीच हसून घेतलं.

म्हणून ही वही पुन्हा काढली. नवरा गेला, हॅरल्ड, तेव्हापासून कोरी पडली होती. रोज काय लिहिणार? जेवले, झोपले, भांडी घासली. आता निदान काहीतरी घडतंय.

त्या शेल्फातल्या प्रत्येक पुस्तकाखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी असते. 'हे आवडलं असेल तर ते वाचा.' लोक पुस्तक बघत नाहीत, चिठ्ठी बघतात. ओरिन स्टेन्सरुड तर चिठ्ठीही बघत नाहीत, सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहतात. "मार्लिस, आता काय देताय?" उन्हाळ्यापासून दर मंगळवारी. निवृत्त सुतार, उंच माणूस, बोलणं मोजून. पुस्तक आवडलं तर म्हणतात, "वाईट नव्हतं." याच्यावर कौतुक त्यांच्याकडे नाही. आज लोणी कारखान्याच्या आगीचं पुस्तक परत दिलं आणि म्हणाले, "अजिबात वाईट नव्हतं." मला दिवसभर पुरलं.

त्यांची बायको व्हर्ना जूनपासून बहिणीकडे गेली आहे. तब्येत बरी नसते म्हणतात. ओरिननी आज विचारलं, "लहान लहान प्रकरणं असलेलं काही आहे का? आणि शेवटी पकडला जातो ना? न पकडलेला नको." मी त्यांना बायकांना गोड औषधातून विष देणाऱ्या डॉक्टरचं दिलं. शेवटची पन्नास पानं तर अशी आहेत की चहा थंड होतो.

माझा निळा स्वेटर धुवायला हवा, दर मंगळवारी तोच घातला जातोय.

२६ सप्टेंबर, मंगळवार

ओरिन आले. डॉक्टरचं पुस्तक परत. या वेळी "वाईट नव्हतं" नाही. म्हणाले, "जरा जड गेलं. पण वाचलं सगळं." मग काउंटरवर बोटांनी टकटक करत उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता विचारावं. येत्या रविवारी चर्चच्या तळघरात माशाचं जेवण आहे, तिकिटं माझ्याकडेच असतात. म्हटलं, "व्हर्ना नाहीये, तर एकट्यानं घरी काय खाताय? आमच्या टेबलावर जागा आहे."

"नाही जमायचं," म्हणाले. "रविवारी मी नसतो."

"कुठे जाता?"

"असंच. गाडी काढतो."

एवढंच. वर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. विहिरीतल्या दोन बहिणींचं पुस्तक घेतलं आणि गेले. मला काही फरक पडत नाही, जागा भरायला गावात माणसं खूप आहेत.

पण एक गोष्ट. ते पुस्तक शेल्फात लावताना उघडलं, तर पानांना वास. उग्र, औषधी, फरशी पुसायच्या पाण्यासारखा. मधल्या एका पानावर काहीतरी पिवळट सांडून वाळलंय. मी इतकी वर्षं ही पुस्तकं वाचतेय. घर घासून पुसून कोण काढतं आणि कधी, हे मला कुणी शिकवायला नको.

लिहिलं खरं, पण वाचून हसू आलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात मात्र दुसऱ्याच्याच चोऱ्या.

१ ऑक्टोबर, रविवार

जेवणाला दीडशे माणसं. वाचन मंडळातली लाव्हॉन टेबलावर माझ्या शेजारी बसली, कारण जागा रिकामी होती. सहज तिला विचारलं, "व्हर्नाची बहीण कुठे असते गं हल्ली?" ती काटा हवेतच धरून म्हणाली, "कुठली बहीण? तिची बहीण तर केव्हाच गेली. मी अंत्यविधीला गेले होते ना."

तिथली कॉफी पाणचट होती, असंही म्हणाली.

घरी येताना तळ्याकडून आले. तो रस्ता लांबचा पडतो, पण झाडं लाल झालीत, बघावंसं वाटलं. स्टेन्सरुडांच्या घरावरून रस्ता जातो, त्याला मी काय करणार? गाडी नव्हती. मागच्या अंगणात, शेडला लागून, जमीन उकरलेली. ताजी. चांगला लांबलचक पट्टा, काळी माती वर आलेली. ऑक्टोबर लागला, महिना-दीड महिन्यात जमीन गोठेल. या दिवसांत कोण खणतं?

५ ऑक्टोबर, गुरुवार

आमच्या वाचन मंडळाची बैठक. सगळ्या मिळून आठ-नऊ बायका आणि लाव्हॉननं केलेल्या खजुराच्या वड्या. या महिन्याचं पुस्तक कंटाळवाणं निघालं, बोटीच्या विम्याचा खटला. चर्चा पुढे सरकेना. आणि निवड माझी होती.

तेव्हा मी सांगितलं. नाव घेतलं नाही. हे इथे लिहून ठेवते: नाव मी घेतलं नाही. एवढंच म्हटलं, की आपल्याच गावात एक वाचक आहे, त्याची बायको उन्हाळ्यापासून दिसत नाही. 'बहिणीकडे' आहे म्हणे, आणि बहीण तर कधीच वारलेली. आणि हा गृहस्थ दर आठवड्याला काय नेतो, तर बायकांचे खून. पुस्तकांना वास येतो. अंगण खणलेलं.

वड्यांचं ताट जागच्या जागी राहिलं. इतकं लक्ष देऊन माझं कधी कुणी ऐकलं नसेल. लाव्हॉन हळूच म्हणाली, "बहिणीबद्दल तू मला रविवारी विचारलंस." मी म्हटलं, "मी काही बोलले नाही." ती म्हणाली, "नाही नाही, तू काहीच बोलली नाहीस."

आमच्या काउंटरमागे भिंतीवर एक पाटी आहे. कोण काय वाचतं हे आम्ही कुणालाही सांगत नाही. कोर्टाचा कागद आणल्याशिवाय शेरीफलाही नाही. पुस्तक परत आलं की कोणी नेलं होतं ते संगणकसुद्धा पुसून टाकतो. मदतीला येणाऱ्या बायकांना हे मीच शिकवते, बोट नाचवून. पण तो नियम वाचकांच्या रक्षणासाठी आहे. व्हर्नाही वाचकच होती ना? उलट आधी तीच यायची या शेल्फापाशी, तो तर नंतर यायला लागला.

'तो' लिहिलं. असू दे.

१० ऑक्टोबर, मंगळवार

आला. मी निळा स्वेटर घातला नव्हता.

मी त्याच्यासाठी पुस्तक काढूनच ठेवलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं, आपल्यासारख्याच गवताळ मुलुखातलं. हिमवादळानंतर एका शेतकऱ्याची बायको नाहीशी होते. नवरा म्हणतो वासरू शोधायला गेली होती. गावातली दुकानवाली पहिल्यांदा बोलून दाखवते, की यानंच केलं असणार. मग सगळं गाव त्याच्यामागे लागतं. मी अर्ध्यापर्यंत वाचलंय, लेखासाठी आठ पुस्तकं एकदम चालू आहेत. पण नवराच आहे हे पहिल्या तीस पानांत कळतं. इतक्या वर्षांत एवढी नजर येते.

पुस्तक त्याच्या पुढ्यात सरकवलं आणि तोंडाकडे बघत राहिले. म्हटलं, "एका माणसाची बायको हरवते. बघा कसं वाटतं."

त्यानं मागचं पान वाचलं. सावकाश. डोळ्यांत पाणी आलं की काय असं वाटलं, पण तो नाक पुसत होता, सर्दी असेल. मग म्हणाला, "शेवटी सापडते ना ती?"

मी म्हटलं, "शेवट सांगत नसतात."

"मला सांगा," तो म्हणाला. "आधी कळलेलं बरं असतं."

"सापडते," मी म्हटलं. अंदाजानं म्हटलं. प्रेत सापडत असणारच, नाहीतर पुस्तक कशाला लिहिलं असतं?

"मग द्या."

१५ ऑक्टोबर, रविवार

काइल जेवायला आला होता, माझ्या बहिणीचा मुलगा. शेरीफच्या हाताखाली आहे. हरणांची शिकार सुरू व्हायच्या आधी दरवर्षी एकदा येतो आणि माझ्या फ्रीजमधलं सगळं संपवून जातो. दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाला, "मावशी, स्टेन्सरुडांचं काय ऐकतोय मी? ऑफिसात तीन बायकांचे फोन आले."

"मला काय विचारतोस?"

"तिघीही म्हणाल्या, मार्लिसला विचारा."

मी उठून कॉफी ओतली. काइल म्हणाला, "हे बघ, तू लायब्ररीवाली, तुला बोलता येत नाही, मला माहीत आहे. नको सांगूस. मी निघतो." आणि खरंच टोपी उचलली. पोराला त्याच्या आईनं चांगलं वळण लावलंय.

मी म्हटलं, "बस खाली."

सगळं सांगितलं. नावासकट, पुस्तकांसकट. डॉक्टरचं, विहिरीतल्या दोन बहिणींचं, वादळाचं. काइलनं विचारलं, "ही त्यानं मागितली होती का?" मी म्हटलं, "तोच नेतो ना." त्यानं परत विचारलं, "म्हणजे शोधून, नाव सांगून मागतो?" मी म्हटलं, "विषय तोच असतो." हे खोटं नाही.

तो गेल्यावर मला बरं वाटलं. कर्तव्य केल्यासारखं. भांडी घासताना गाणंसुद्धा म्हणत होते, आता आठवून लिहितेय.

२१ ऑक्टोबर, शनिवार

कुठून सुरू करू.

सकाळी लाव्हॉनचा फोन आला, स्टेन्सरुडांकडे दोन गाड्या उभ्या आहेत. मी गेले. घरी बसायला हवं होतं, पण कोट चढवला आणि गेले. रस्त्याच्या कडेला आधीच माणसं जमली होती, कुणी कुत्रं फिरवायच्या निमित्तानं, कुणी काहीच निमित्त न करता. लाव्हॉननं थर्मास आणला होता.

ओरिन पायरीवर उभे होते. घरातल्या चपला घालून, टोपी नाही. काइल त्यांच्याशी खालच्या आवाजात बोलत होता. दुसरा शेडजवळ फावडं घेऊन. काइल सारखा एकच विचारत होता, ते आम्हाला ऐकू येत होतं: "त्या कुठे आहेत एवढंच सांगा. मी फोन लावतो, बोलतो, आणि आम्ही जातो." आणि ओरिन मान हलवत होते. सांगेनात. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "बघा." मीसुद्धा मनात तेच म्हटलं.

फावडं कशाला तरी लागलं. त्यानं वाकून बाहेर काढलं. मुळं. जाड, बोटांसारखी लाल मुळं, ओल्या गोणपाटात नीट गुंडाळून मातीत पुरलेली.

पिओनीची, त्या मोठाल्या फुलांच्या झाडांची. व्हर्नाच्या पिओनी, ज्यांना जत्रेत दरवर्षी पहिलं बक्षीस मिळायचं. त्या शरदातच हलवतात. पानं झडली की आणि जमीन गोठायच्या आत. हे मला माझ्या आईनं शिकवलंय. इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी त्या दिवशी गाडीतून बघितलं आणि मला हे आठवलं नाही.

तेव्हा ओरिन बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, कारण त्यांचा आवाजच तसा फुटला. व्हर्ना शहरातल्या वृद्धांच्या संस्थेत आहे, जूनपासून. स्मृती गेली. स्वयंपाकघरात दोनदा आग लागली, एकदा रात्री तळ्यात कमरेइतक्या पाण्यात सापडली. त्यांना एकट्याला झेपेना. "तिला मी शब्द दिला होता, तुला कधी तिथे टाकणार नाही म्हणून," ते म्हणाले. "मला तोंड नव्हतं दाखवायला. म्हणून बहिणीचं सांगितलं." मग मुळांकडे बोट केलं. "तिथल्या बाईंनी तिच्या खिडकीखाली जागा देते म्हटलंय."

काइलनं टोपी काढली. ओरिननी एकदा रस्त्याकडे बघितलं, आम्हा सगळ्यांकडे, ओळखीच्या एकेका तोंडाकडे. माझ्यापाशी नजर थांबली की नाही, सांगता येत नाही. मला वाटलं थांबली. लाव्हॉन माझ्या कानात म्हणाली, "तूच म्हणालीस ना गं." आणि दोन पावलं बाजूला सरकली.

२२ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते कळलं. पुस्तकांचा तो वास आठवला. हॅरल्डच्या शेवटच्या दोन महिन्यांत माझ्या कपड्यांनाही तोच यायचा. आणि तो पिवळट डाग, सफरचंदाचा शिजवलेला गर, चमच्यानं भरवतात तो. मीच तर भरवत होते.

प्रकरणं लहान हवीत. शेवटी पकडला जायला हवा. आधी कळलेलं बरं असतं. तो माणूस स्वतःसाठी वाचतच नव्हता. तो तिला वाचून दाखवत होता. आणि मी त्याच्या हातात काय काय देत गेले.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आले नाहीत.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

गावाला लाज वाटली की गाव हॉटडिश करतं. खिमा, वर सूप, त्यावर बटाट्याचे गोळे, आणि भट्टीत. कुणी मेलं तरी हीच, बाळ झालं तरी हीच. आठवडाभर स्टेन्सरुडांच्या पायरीवर भांडी जमतायत म्हणे, फॉइल लावलेली. ते दार उघडत नाहीत. बायका ठेवतात आणि जातात.

मीही केली. तीन वेळा ठरवलं नको, तीन वेळा कांदा काढला. चिठ्ठी लिहायला बसले. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर चार ओळी लिहायला मला कधी वेळ लागला नाही, आणि इथे 'ओरिन' या शब्दापुढे काही सुचेना. शेवटी चिठ्ठीविनाच नेली. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर माझं नाव आहेच, सगळ्यांच्याच भांड्यांना असतं, म्हणजे परत करायला सोपं जातं. अंधार पडायच्या आत पायरीवर ठेवली आणि मागे न बघता आले.

लायब्ररीच्या मंडळाच्या अध्यक्षांना भेटून सांगितलं, की मी नियम मोडला, काय करायचं ते करा. ते म्हणाले, "जाऊ दे मार्लिस, तुझा हेतू चांगला होता." त्यांनी झापलं असतं तर बरं झालं असतं. माझा हेतू काय होता हे मला अजून नीट सांगता येत नाही. मंगळवारचा तो निळा स्वेटर मात्र सारखा डोळ्यांपुढे येतो.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळपासून गावात एकच बोलणं. ओरिननी सगळी भांडी परत केली. स्वतः, दारोदार जाऊन. स्वच्छ घासलेली, तळाचं नाव बघून ज्याची त्याला. कुणाशी चार शब्द बोलले नाहीत, पण टोपीला हात लावला. लाव्हॉनला तर "वाईट नव्हती" म्हणाले. ती ते सगळ्यांना सांगत सुटलीय. तिचं पाप धुऊन निघालं.

दुपारी मी पुस्तकं टाकायची बाहेरची पेटी उघडायला गेले. तिच्याशेजारी बाकावर माझं भांडं होतं. उचललं तर जड. फॉइल मी दुमडली होती तशीच, चारी कोपरे तसेच. हॉटडिश आत जशीच्या तशी, वरच्या गोळ्यांना बुरशी धरलेली. फॉइलवर त्यांचं लायब्ररीचं कार्ड.

बुरशीसकट ती कचऱ्यात ओतली. भांडं घासलं. कार्ड कुठे ठेवावं कळेना, शेवटी खिशात ठेवलं.

७ नोव्हेंबर, मंगळवार

पेटीत तळाशी वादळाचं पुस्तकही निघालं होतं. आठवडाभर ते काउंटरखाली ठेवून दिलं, शेल्फात लावायला हात धजेना. आज उघडलं. आत खूण म्हणून बियांचं रिकामं पाकीट, मध्याच्या थोडं पुढे. म्हणजे व्हर्ना मधेच लटकलेली आहे. बायको हरवलीय, गाव नवऱ्याच्या मागे लागलंय, आणि पुढचं तिला कुणी वाचून दाखवलेलं नाही. ते दुसरीकडून पुस्तकं आणतील म्हणावं, तर जवळची लायब्ररी हीच. आणि शेवटी ती सापडते असं मी त्यांना सांगितलंय.

मी ठरवलं की जायचं. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर नको म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

साप्ताहिकाला कळवलं, लेख देत नाही. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, पुस्तकं पूर्ण वाचून झाली नाहीत.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवारी ते जात नाहीत असा माझा हिशेब होता. मंगळवारी पुस्तक नेलं की, आणि रविवारी, असे जात असणार.

संस्थेच्या दारातच तो वास. दाराशी बसलेल्या बाईला म्हटलं, व्हर्ना स्टेन्सरुडना वाचून दाखवायला आलेय, त्यांच्या गावची आहे. ती म्हणाली, "अरे वा, जा ना." इतकं सोपं होतं.

व्हर्ना खिडकीपाशी, पांघरूण मांडीवर. बारीक झाली आहे, पण केस कुणीतरी छान विंचरलेले. खिडकीखाली काळ्या मातीचा पट्टा, त्यावर पेंढा पसरलेला. तिनं मला ओळखलं नाही. मी म्हटलं, "मी लायब्ररीतून आलेय." तिचा चेहरा उजळला.

"त्या लायब्ररीवाल्या बाई? ओरिन सांगतो ना मला. माझ्यासाठी पुस्तकं त्याच निवडून देतात." मग जरा पुढे वाकून, गुपित सांगावं तसं म्हणाली, "ओरिन म्हणतो, बाई वाईट नाही."

मला तिथे बसवेना. पण बसले. पुस्तक उघडलं, बियांचं पाकीट होतं तिथून वाचायला लागले. ती मधे मधे डोळे मिटायची, मधे मधे मला "तुम्ही कोण?" विचारायची, आणि गोष्टीत परत यायची. म्हणाली, "ओरिन प्रत्येकाचा वेगळा आवाज काढतो. तुम्ही आवाज काढत नाही."

शेवट मला तिच्याबरोबरच कळला. वसंतात बर्फ वितळतो आणि ती बाई गवताच्या गंजीत सापडते, वासराला कुशीत घेऊन, दोघंही गोठलेली. नवऱ्यानं काही केलेलं नव्हतं. तोपर्यंत गावानं त्याचं घर जाळलेलं असतं, आणि तो पायी निघून गेलेला असतो, कुठे ते कुणालाच माहीत नाही. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले.

व्हर्ना म्हणाली, "सापडली ना?"

"सापडली."

"बरं झालं." मग बाहेर बघत राहिली. मला वाटलं झोपली. तर म्हणाली, "आणि ती दुकानवाली? जिनं पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं?"

"तिचं काय?"

"तिचं पुढे काय झालं?"

मी पानं उलटली. शेवटचं प्रकरण, मागच्या टीपा, सगळं बघितलं. म्हटलं, "पुस्तकात ते दिलेलं नाही."

"असं कसं? द्यायला हवं." थोड्या वेळानं परत, जणू पहिल्यांदाच, "आणि त्या दुकानवालीचं पुढे काय झालं?"

दारात हालचाल झाली. ओरिन उभे होते, कोट अंगात, हातात टोपी. किती वेळ उभे होते कोण जाणे. आता गावापासून लपवायचं काही उरलं नाही, म्हणून रोज येत असावेत, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी उठले. पुस्तक हातात तसंच. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. व्हर्नाकडे गेले, तिच्या कपाळावर ओठ टेकले, मांडीवरचं पांघरूण सारखं केलं.

ती त्यांना म्हणाली, "ओरिन, तुला माहीत असेल. त्या दुकानवालीचं काय झालं रे पुढे?"

त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, पाकीट काढून खिशात घातलं आणि खुर्चीवर बसले. मग तिला सांगितलं, अगदी साध्या आवाजात, वाचून दाखवावं तसं.

"काही नाही. राहिली ती गावातच."

मी कोट घेऊन निघाले. गाडीत बसल्यावर खिशात त्यांचं कार्ड हाताला लागलं, द्यायचं राहूनच गेलं. उद्या लायब्ररी नऊला उघडायची आहे.